अमर कहाणी, बाजू तिसरी: चढा सूर अखेर जागेवर आला

जुन्या तबकड्यांवरचं गाणं संगणकावर उतरवून जोडताना अडलेली तिसरी बाजू जुळली! 'सुनो सुनो ऐ दुनियावालो, बापू की ये अमर कहानी'चे चारही भाग आता एका पट्टीत, सलग ऐकता येतात. पहिल्या तबकडीबद्दल मागच्या नोंदीत आलंच आहे. दुसरीने (म्हणजे तिसऱ्या-चौथ्या बाजूने) मात्र सगळा वेळ खाल्ला, म्हणून आज बहुतेक तिच्याचबद्दल.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: 30 जानेवारी 1948 ला गांधीजींची हत्या झाली आणि त्याच वर्षी हे गाणं आलं. शब्द राजेंद्र कृष्ण यांचे, संगीत हुस्नलाल-भगतराम यांचं, आवाज मोहम्मद रफींचा. दहा इंची 78च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या) एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावतात, म्हणून कहाणी दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर विभागली गेली. पण गाणं एकच आहे, आणि ते एकाच पट्टीत वाजलं पाहिजे.

अडचण अशी होती: तिसरी बाजू सुरू होताना दुसऱ्या बाजूच्या शेवटापेक्षा स्पष्ट चढी, आणि संपता संपता चौथीच्या सुरुवातीला बरोबर मिळणारी. संपूर्ण बाजू ठरावीक टक्क्यांनी खाली आणली की सुरुवात जुळते आणि शेवट पडतो.

आधी टर्नटेबलवरचा संशय फेडून घ्या. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर 77 रेघांची स्ट्रोब तबकडी (दिव्याच्या उजेडात वेग तपासायची रेघांची चकती) स्थिर दिसली, तर वेग मिनिटाला 77.92 फेरे. (92 रेघांची तबकडी 60 हर्ट्झसाठी असते, ती इथे चालत नाही. नेटवरून छापून घेताना हे नक्की तपासा.) स्ट्रोब सुई टेकवून बघायची, एकदा बाहेरच्या कडेला आणि एकदा लेबलाजवळ. सुईच्या वजनाने मोटर दमत असेल तर रेघा मागे सरकू लागतात. इथे दोन्हीकडे स्थिर होत्या. मग मधलं भोक? भोक मध्यावर नसेल तर सूर हेलकावतो, पण तो दर फेरीला एकदा, म्हणजे सेकंदाला 1.3 वेळा. पूर्ण बाजूभर हळूहळू उतरणारा सूर त्यातून येत नाही. म्हणजे उतार तबकडीतच आहे.

आता मोजमाप. आवाजातला लांब धरलेला षड्ज घेऊन स्पेक्ट्रम (कोणती वारंवारता किती, याचा आलेख) काढला तर मूळ स्वरावर अचूकता मिळत नाही. 96 किलोहर्ट्झला 65536 नमुन्यांची खिडकी घेतली तर एक पायरी 1.46 हर्ट्झची पडते. समजा सा 280 हर्ट्झवर आहे, तर ती पायरी 9 सेंटची (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) झाली. तोच सा चौथ्या हार्मोनिकवर (मूळ वारंवारतेच्या चौपटीवर), 1120 ला मोजा. पायरी सव्वादोन सेंटवर येते. 78च्या वेगात एका फेऱ्याचा फरक म्हणजे 22 सेंट, हे लक्षात ठेवलं की हिशोब सोपा होतो. गायकाचा सा थोडा हलतोच, म्हणून शक्य असेल तिथे स्थिर सुराच्या वाद्याचा स्वर घ्या, आणि दर बाजूला सुरुवात, मध्य, शेवट अशा तीन जागा.

पडताळणीसाठी रेकॉर्डिंगच्या वेळी मुद्रित झालेली विजेची घरघर कामाला येते. ती आपल्याच ॲम्प्लिफायरची नाही ना, हे ओळखायला तबकडी 45 वर वाजवा: मुद्रित घरघर 50 हर्ट्झवरून 29 च्या आसपास उतरते, आपली 50 लाच राहते. मात्र त्या काळच्या विजेची वारंवारता काटेकोर धरता येत नाही. घरघर फक्त बाजू एकमेकींशी जुळवायला वापरावी, मूळ पट्टी ठरवायला नाही.

उपाय ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्रॅमच्या टाइम ट्रॅकने निघाला. त्यातलाच स्लायडिंग स्ट्रेच हा इफेक्ट वापरू नका, त्याने आवाजाला धातूसारखी झाक येते. टाइम ट्रॅक लय आणि सूर दोन्ही एकत्र बदलतो, जसं तबकडीचा वेग बदलल्यावर होतं तसंच. मर्यादा 97 ते 103 टक्के ठेवा, तीन मोजलेल्या जागांवर बिंदू द्या आणि मग मिक्स अँड रेंडर. टाइम ट्रॅक फाइलमधल्या सगळ्या ट्रॅकना लागू होतो, त्यामुळे प्रत्येक बाजू वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. जोडल्यावर पहिल्यांदाच रफींचा आवाज दुसरीतून तिसरीत अलगद गेला. हा क्षण फार सुखाचा होता.

बाकीचा क्रम नेहमीचाच: सपाट प्रीॲम्प (कोणताही वक्र न लावता सुईचा संकेत वाढवणारा), दोन्ही चॅनेल वेगळे, आधी टिकटिक काढणं, मग वेग, मग मोनो, शेवटी समकरण (मुद्रणात बदललेला खर्ज-तीव्र सुरांचा तोल परत आणणं). समकरणाचा आरआयएए हा प्रमाण वक्र 1954 चा, म्हणून तो इथे लागू नाही. या तबकड्यांना 250 हर्ट्झचा टर्नओव्हर (त्याखालचा खर्ज मुद्रणात दाबलेला असतो, तो वाढवायचा) आणि वर सपाट, एवढंच ऐकायला बरोबर लागतं. दोन बाजूंमध्ये पूर्ण शांतता टाकू नका. सुरुवातीच्या रिकाम्या खाचेतली खरखर दीड सेकंद राहू द्या, कानाला सांधा जाणवत नाही.

सुईबद्दल माझं मत ठाम आहे: पैसे सुईवर घाला, केबलवर नको. 78ला 3 मिलची सुई लागते (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). पोलादी सुयांनी खाच एका विशिष्ट उंचीवर झिजवलेली असते, म्हणून 3 ने खरखर आली तर 2.5 किंवा 3.5 लावून बघा. ती न झिजलेल्या भागावर चालते. आणि मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला चकाकी बघून तबकडी घेऊ नका, पुष्कळदा तेलाचा बोळा फिरवलेला असतो. टॉर्च तिरका धरा, बोटाने हलकं वाजवा. तडा असेल तर आवाज बद्द येतो. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात. धुताना डिस्टिल्ड पाणी, अल्कोहोल अजिबात नाही, तबकडीतली लाख विरघळते. मुंबईच्या पावसाळ्यात तबकड्या उभ्या ठेवा आणि बुरशी लेबलापासून तपासायला सुरुवात करा.

पुढचा बेत 'ऐ मेरे वतन के लोगो'चा होता. पण त्याची तारीख लावतानाच प्रश्न आला: युद्ध ऑक्टोबर-नोव्हेंबर 1962 चं, लताबाईंनी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर गायलं 27 जानेवारी 1963 ला. यापुढे प्रत्येक फाइलच्या नावात दोन तारखा येतील, आधी घटनेची, मग गाण्याची. 'गर्जा महाराष्ट्र माझा'ला घटनेची तारीख अर्थातच 1 मे 1960.

आणि हे लिहितानाच सुचलं: दोन बाजूंवर विभागलेले पोवाडे याच पद्धतीने जुळवता येतील. पोवाडा हे आपलं बातमीचं सर्वांत जुनं गाणं. शाहीर अण्णा भाऊ साठे यांनी 1943 मध्ये स्टालिनग्राडच्या लढाईवरही रचला होता. तेव्हा 1963 थोडं थांबेल, आधी पोवाडे. डफाचा सूर तापमानाने हलतो, त्यामुळे तिथे मोजायला तुणतुण्याची तार घ्यावी लागेल. कुणाकडे दोन्ही बाजू धड असलेला पोवाडा असेल, तर सपाट प्रीॲम्पवरून 96/24 मध्ये (96 किलोहर्ट्झ, 24 बिट), काहीही साफ न करता, दोन्ही चॅनेल तसेच पाठवा.