चिंगीचा ताप मोजला त्याची गोष्ट

दुपारपासून आमची मांजर चिंगी कपाटाखाली जाऊन बसली होती. सुकटीचा डबा वाजवला तरी बाहेर येईना, म्हणजे नक्कीच काहीतरी बिनसलं होतं. कान हाताला गरम लागत होते. पण कानांवरून काही ठरत नाही, गॅलरीत उन्हात लोळून आली तरी ते असेच तापलेले असतात. डॉक्टरांना फोन लावला तर पहिलाच प्रश्न, "टेंपरेचर किती आहे?"

मांजराचा ताप घ्यायचा तो गुदद्वारातून. कपाळासमोर धरायची ती 'बंदूक' एवढ्या केसांवर कुचकामी, आणि पाऱ्याचा थर्मामीटर झटापटीत फुटला तर काच आणि पारा दोन्ही निस्तरत बसा. मेडिकलमधून लवचिक टोकाचा डिजिटल आणला आणि त्यावर मार्करने ठळक 'चिंगी' लिहून टाकलं. घरात दुसऱ्या कुणी तो तोंडात धरायला नको!

मोजणं सोपं, मांजर धरणं कठीण. एकट्याने करायचं कामच नाही हे. आईने जुना टॉवेल टेबलावर पसरला, चिंगीचे पुढचे पाय आत घेऊन तिला घट्ट गुंडाळली आणि काखेशी दाबून धरली. शेपटीकडची बाजू तेवढी माझ्याकडे. "झालं गं बाय, झालं," असं आईचं सुरू करण्याआधीच चालू होतं. टोकाला व्हॅसलिन लावलं, शेपूट हलकेच वर केली. तिने सगळं आवळून घेतलं. इथे अजिबात जोर लावायचा नाही. टोक नुसतं टेकवून, जरा फिरवत थांबलो, तेव्हा स्नायू आपोआप सैल पडले. मग पाठीच्या रेषेत सरळ, इंचापेक्षा कमीच आत. बीप वाजेपर्यंत चिंगी खालच्या आवाजात गुरगुरत होती. चावायचा विचार असावा, पण तोंड आईच्या कोपरापलीकडे होतं.

१०३.६.

"अगंबाई, एकशे तीन!" आई लगेच पॅरासिटामॉलची पट्टी शोधायला उठली. आकडा सांगायला डॉक्टरांना पुन्हा फोन लावला होता, ते जवळजवळ ओरडलेच. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकदच जाते; अर्ध्या गोळीनेही मांजर दगावू शकतं. मांजराचं नॉर्मल १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट, घाबरलं की थोडं वर जातं. चिंगीला ताप होता, पण पाणी पीत होती, म्हणून सकाळी आणा म्हणाले. १०४च्या वर गेला किंवा ९९च्या खाली उतरला तर मात्र रात्रीच निघायचं.

सकाळी डॉक्टरांनी शेपटीच्या मुळाशी केस काढले तर खाली गळू. बोक्याने चावलेलं, वरची जखम बुजलेली, आत पू. ते फोडून साफ केलं, अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं आणि रोज एकाच वेळी ताप मोजून लिहून ठेवायला सांगितलं. थर्मामीटर दर वेळी स्पिरिटने पुसायचा, विष्ठा लागली असेल तर आकडा कमी दिसतो, म्हणून पुन्हा घ्यायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी चिंगीचे आकडे चढत गेले. ते १०१.४वर आले तसं डॉक्टरांनी मोजणं बंद करायला सांगितलं. टॉवेल दिसला की चिंगी अजून पळते. आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना आई ठणकावून सांगते, "मांजराला एकशे दोन म्हणजे काहीच नाही हो, नॉर्मल असतं ते!"