पुरात भिजलेलं दाखल रजिस्टर

१५ ऑगस्ट २०१९. त्या वर्षी स्वातंत्र्यदिन आणि राखीपौर्णिमा एकाच दिवशी आलेली, त्यामुळं तारीख विसरणं शक्यच नाही.

मी मिरजेच्या बाजूला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि त्यासोबत पोरांचा एक क्लब चालवते, जुने कागद जतन करायचा. शनिवारी दुपारी जमायचं, मोडी गिरवायची, कुणाच्या घरातनं आलेलं दप्तर मऊ ब्रशनं झाडायचं, दुमडलेले कागद सरळ करायचे, मोबाईलवर फोटो काढून नंबर टाकायचे आणि परत रुमालात बांधताना वेखंडाची पुरचुंडी आत ठेवायची. वीस-बावीस पोरं, निम्मी इतिहासाची, बाकी कॉमर्स आणि बी.एस्सी.ची. बाहेरनं बघणाऱ्याला हे फार शांत काम वाटतं आणि एरवी ते असतंही.

त्या ऑगस्टमधल्या कृष्णेच्या पुराचं सगळ्यांना माहितीच आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलेलं, तेव्हा लोक म्हणायचे यापेक्षा जास्त काय येणार. २०१९ ला ५७ च्या वर गेलं. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, जनावरं गेली, पेठेतली दुकानंच्या दुकानं चिखलात. अशा वेळी कुणाला कागदाचं बोलायचं म्हणजे तोंड उघडत नव्हतं माझं, खरं सांगते.

१४ ला संध्याकाळी फोन आला. सांगलीत जुन्या पेठेतलं एक वाचनालय आहे, शंभर वर्षांच्या वरचं, तिथले कार्यवाह, वय पंच्याहत्तरच्या पुढं. जूनमध्येच आमची पोरं तिथं यादी करायला गेलेली त्यामुळं सगळे त्यांना आजोबाच म्हणायचे. म्हणाले, "मॅडम, पाणी उतरलंय, आत जाता येतंय, पण मला कळेना कुठनं हात लावू." बस एवढंच. पुढं बराच वेळ ते काही बोललेच नाहीत आणि मलाही काही सुचेना.

ओल्या कागदाचं एक असतं. पाण्याखाली आहे तोवर बुरशी फारशी वाढत नाही, पाणी उतरून हवा लागली की खरी धावाधाव सुरू होते, दोन-तीन दिवसांत पांढरी-हिरवी लव दिसायला लागते. तिथलं पाणी उतरून दोन दिवस झालेले. म्हणजे हातात फार तर एक दिवस, आणि एका दिवसात हजारो पुस्तकं वाळवणं कुणालाच शक्य नाही, वीज नव्हती, पंखे नव्हते, वर पाऊस. अशा वेळी एकच उपाय, गोठवायचं. गोठलेल्या कागदात बुरशी थांबते, शाई पसरायची थांबते, मग महिन्यांनी एकेक बाहेर काढून निवांत वाळवता येतं.

आधी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांना फोन लावला, आपल्याकडं तासगाव-सांगली पट्ट्यात ती भरपूर आहेत. ते म्हणाले मॅडम आमचं तापमान चार-पाच डिग्री, त्यात काय गोठणार, आणि सगळे चेंबर बेदाण्यानं भरलेत, त्याच्या शेजारी पुराच्या घाणीचा माल कसा ठेवू. बरोबरच होतं त्यांचं. मग क्लबमधल्या एका पोराच्या मामाची आइस्क्रीमची एजन्सी निघाली, त्यांच्याकडं उणे वीसच्या दोन खोल्या. पावसाळ्यात आइस्क्रीमला गिऱ्हाईक नाही, म्हणून त्यांनी रात्रीत माल एका खोलीत हलवून दुसरी आख्खी मोकळी करून दिली. भाडं विचारलं तर म्हणाले, "माझ्या आईनं तिथनं पुस्तकं आणून वाचलीत." खोलीत छत्तीस क्रेट बसत होते. छत्तीस, त्याच्यावर एक नाही.

ग्रुपवर मेसेज टाकला की ज्यांच्या घरात पाणी आलंय त्यांनी येऊ नका, आधी घर बघा. सकाळी झेंडावंदन झाल्यावर अकरा पोरं उभी. त्यातल्या एका मुलीच्या घरात गळ्याएवढं पाणी गेलेलं हे मला माहिती होतं. तिला म्हटलं अगं तू कशाला, तर म्हणाली, "घर धुऊन झालंय मॅडम, आता वाळायला टाकलंय, मी बसून काय करू."

गमबूट, ग्लोव्ह्ज, मास्क, आणि लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातनं येणाऱ्या तापाच्या, गोळ्या आदल्या रात्रीच एका डॉक्टरांना विचारून घेतलेल्या. द्राक्षवाल्यांकडनं प्लॅस्टिकचे क्रेट, बाजूला भोकं असलेले, म्हणजे पाणी निथळतं. बटर पेपर. आणि एका छापखान्यातनं रिळांचा उरलेला कोरा कागद, कारण छापलेला पेपर ओल्या पानाला लावला की त्याची शाई इकडं उमटते.

आत शिरलो तेव्हाचा वास मी लिहू शकत नाही. पायाखाली घोट्याएवढा गाळ, भिंतीवर डोक्याच्या वर हातभर पाण्याची रेघ. लाकडी रॅक आडवे पडलेले. लोखंडी कपाटं उभी होती पण उघडेनात, कारण पुस्तकं भिजली की फुगतात आणि आतल्या आत अशी ठेचून बसतात की दार जागचं हलत नाही. दोन कपाटं शेवटी पत्रा कापून उघडली. त्यात शेजारचे कुणी म्हणाले पंचनामा व्हायचाय, काही हलवू नका. तलाठी भाऊसाहेबांना फोन केला, ते बिचारे चार दिवस झोपले नसतील, पण म्हणाले फोटो काढा, व्हिडिओ काढा, यादी करा आणि हलवा, मी त्यावरनं बघतो.

हात लावायच्या आधी पोरांच्या राख्या काढायला लावल्या. सकाळी सकाळी बांधलेल्या, लाल-पिवळ्या धाग्यांच्या, ओल्या कागदावर तो रंग लगेच उतरतो. एका डब्यात सगळ्या जमा केल्या आणि डब्यावर एकीनं पेनानं नावं लिहिली कुणाची कुठली.

आता खरा प्रश्न, छत्तीस क्रेटमध्ये काय घ्यायचं. कादंबऱ्या, कथासंग्रह दुसरीकडं मिळतात, ते सोडायचे यावर वाद नव्हता. जड मनानं का होईना, सगळे तयार होते. वाद झाला तो दोन गोष्टींवर. एका ट्रंकेत एका घराण्यानं दिलेले मोडी कागदांचे पाच रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, होते, आणि एका कपाटात वाचनालयाची स्वतःची रजिस्टरं, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेलं दाखल रजिस्टर, सभांची प्रोसिडिंग बुकं, वर्गणीच्या वह्या. आमचा एक पोरगा आहे, मोडी त्याच्याइतकी सफाईनं कुणी वाचत नाही, तो म्हणाला आधी रुमाल. दोनशे वर्षांचे कागद आहेत, रजिस्टरं काय, ती ऑफिसची कागदं. आवाज चढला त्याचा. मी समजू शकते, त्या रुमालांची यादी त्यानंच केलेली जूनमध्ये, त्याला त्यातली पत्रंच्या पत्रं पाठ होती.

मी त्याला म्हटलं एक रुमाल उघडून बघ. उघडला. कापड गाळानं जड झालेलं, आतले कागद थबथबलेले, पण अक्षर काळं कुळकुळीत, जसंच्या तसं. तो बघतच राहिला. मोडी कागद बोरूनं लिहिलेले, काजळीच्या शाईनं. काजळी पाण्यात विरघळत नाही, तिला धरून ठेवणारा डिंक थोडा सैल होतो, म्हणून चोळायचं नाही, पण अक्षर जागा सोडत नाही. आणि कागद हातानं केलेला, चिंध्यांच्या लगद्याचा, लांब धाग्याचा, भिजला तरी दम धरतो. मग त्याला १९६० नंतरचं एक रजिस्टर दाखवलं. मशीनचा कागद, फाउंटन पेनची निळी शाई. पानं नुसती फिकट निळी झालेली, आभाळासारखी, त्यावर एक अक्षर नाही. शेजारच्या रजिस्टरात तसंच व्हायला लागलेलं आमच्या डोळ्यांदेखत, कडेनं निळं पाणी ओघळत होतं.

मला तोवर हे पुस्तकातनं माहिती होतं. जुनं ते नाजूक आणि नवं ते पक्कं असं आपण धरून चालतो, पुरात ते बरोबर उलटं निघालं.

तरी तो म्हणाला, बरं मॅडम, रजिस्टर टिकत नाही हे कळलं, पण वाचवायचं कशासाठी. तेवढ्यात ती घर धुऊन आलेली मुलगी, कॉमर्सची, वरच्या कप्प्यातलं अर्धंच भिजलेलं दाखल रजिस्टर हातावर घेऊन आली. तिनं ते जरासं उचकटलेलं. पुस्तकाचा नंबर, नाव, लेखक, किंमत, कुणाकडनं आलं, आणि शेवटच्या शेरा रकान्यात लाल शाईत ओळीनं एकच वाक्य, पानच्या पान, "पुरात गेले, २००५." लाल शाई गुलाबी होत पसरायला लागलेली. आजोबा मागं उभे होते. म्हणाले, "ते मी लिहिलंय. दोन महिने बसून." ती पोरगी त्या पोराला एवढंच म्हणाली, "अरे हे गेलं तर आज काय गेलं ते तरी कसं कळणार?"

तो काही बोलला नाही. जाऊन रजिस्टरांच्या कपाटापाशी क्रेट लावायला लागला. रुमाल मिरजेला नेऊन त्याच रात्री कॉलेजच्या हॉलमध्ये जनरेटरवर पंखे लावून वाळत घालायचे असं ठरलं, फ्रीझर रजिस्टरांना आणि प्रोसिडिंगांना, मग उरलेल्या जागेत जिल्ह्यातल्या लेखकांची दुसरीकडं न मिळणारी छोटी पुस्तकं आणि जुन्या मासिकांचे बांधीव खंड.

मग पाण्याचा प्रश्न. नियम असा की गोठवायच्या आधी पुस्तक मिटलेलंच घट्ट धरून स्वच्छ पाण्यात बुडवून गाळ काढायचा. बाहेर रस्त्यावर बायका टँकरच्या पाण्यासाठी कळशा घेऊन रांगेत उभ्या होत्या. एका पोरानं विचारलं दोन कळशा मागू का. मी नाही म्हटलं. पिण्याच्या पाण्यात पुस्तकं धुवायची नाहीत, गाळासकट गोठवू, नंतर कॉलेजच्या विहिरीच्या पाण्यानं धुऊ, वेळ लागला तर लागू दे. त्या निर्णयानं पुढं काम तिपटीनं वाढलं, पण आजही मी तोच घेईन.

दिवसभर हातोहात साखळी. क्लबमध्ये मी पोरांना फ्लोरेन्सच्या पुराचं सांगितलेलं, ४ नोव्हेंबर १९६६, आर्नो नदी गावात शिरली आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरातनं चिखलानं माखलेली पुस्तकं देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी अशीच रांग लावून वर काढली. त्यांना तिथं चिखलातले देवदूत म्हणतात. सांगितलं तेव्हा पोरांनी फोटो बघितले आणि विषय संपला. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला, कोपरापर्यंत काळी झालेली ती रांग बघून मला ते फोटो आठवले आणि मी पाठ फिरवून जरा वेळ खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

पुस्तकांचा कणा खाली, एकच थर, दोन पुस्तकांच्या मध्ये बटर पेपर, दाबून भरायचं नाही, क्रेटला नंबर, नंबराचा फोटो. पेनानं काही लिहायचं नाही, सगळं शिसपेन्सिलीनं, कारण शिसं पाण्यात उतरत नाही. संध्याकाळी सातला शेवटचा क्रेट टेम्पोत चढला. मामांनी पोरांना वडापाव आणलेले, आधी सगळ्यांनी हात डेटॉलनं तीन-तीनदा धुतले आणि डब्यातल्या राख्या ज्याच्या त्याला परत बांधल्या.

पुढचे सहा महिने आमचा शनिवार म्हणजे एक-दोन क्रेट. वितळवायचं, विहिरीच्या पाण्यात धुवायचं, पानांत कोरा कागद घालत जायचं, तो ओला झाला की बदलायचा, पंखा लांबनं, ऊन अजिबात नाही. दिवाळी अंकांची गुळगुळीत पानं सगळ्यात वाईट, ती ओली असतानाच सोडवावी लागतात, एकदा चिकटून वाळली की वीट. तसे काही खंड आमच्या हातनं गेले. रुमाल पाचच्या पाच वाचले. त्या निळ्या झालेल्या रजिस्टराचीही कोरी पानं वाळवून ठेवलीत, टाकायला कुणी तयार झालं नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत, आइस्क्रीमचा सीझन लागायच्या आत, खोली मोकळी करून धुऊन दिली. त्याच आठवड्यात आजोबा कॉलेजात आले, दाखल रजिस्टर बघायला. पानं कडेनं तपकिरी, लाल शेरे फिके गुलाबी, पण वाचता येत होते. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि म्हणाले, "चला, कोण नंबर वाचतंय?"

मोडीवाला पोरगा शेजारी यादी घेऊन बसला. आजोबांनी खिशातनं लाल जेलपेन काढलं. त्या कॉमर्सच्या मुलीनं ते त्यांच्या हातातनं हळूच काढून घेतलं आणि टोक केलेली शिसपेन्सिल दिली. त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा पेन्सिलीकडं, आणि पहिल्या रिकाम्या शेऱ्यात लिहिलं, "पुरात गेले, २०१९."

"पुढचा," ते म्हणाले.