वीस हजार टाके

३ फेब्रुवारी, रात्री

कापसाची शेवटची वेचणी परवा आटोपली आणि आज संध्याकाळी, स्वयंपाक लवकर उरकून, मी पेटीतले जुने कापड एकदाचे बाहेर काढले. ओसरी झाडून घेतली, चटई अंथरली, तिच्यावर सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचे दोन जोडलेले तुकडे ताणून पसरले आणि कोपऱ्यांवर वजन म्हणून हाताला येईल ते ठेवले. एका कोपऱ्यावर वरवंटा, दुसऱ्यावर पायली, तिसऱ्यावर मुलाचे भूगोलाचे पुस्तक आणि त्यावर एक वीट. चौथ्यावर काय ठेवावे या विचारात असतानाच सासूबाई तिथे येऊन बसल्या, तेव्हा तोही प्रश्न मिटला.

"घरात अकरा गोधड्या हायेत," त्या म्हणाल्या, "हे बारावी कोनासाठी शिवून रायली तू?"

मला उत्तर देता आले नाही. आमच्याकडे गोधडी शिवायला काहीतरी निमित्त लागते. कुणाचे बाळंतपण जवळ आलेले असावे, कुणाचे लग्न ठरलेले असावे, निदान घरातली एखादी गोधडी उंदराने कुरतडलेली असावी. यांपैकी काहीही घडलेले नसताना, केवळ शिवावेसे वाटते म्हणून एक बाई ओसरीवर कापड पसरते, हे सांगायला शब्दच सापडत नाही. मुलाच्या मराठीच्या वहीत 'माझा आवडता छंद' असा निबंध आहे आणि त्यात त्याने क्रिकेट लिहिले आहे. माझ्या शिवणाला छंद म्हणायला मात्र मलाही संकोच होतो, कारण गावात छंद म्हटला की लोकांना आधी छंदीफंदी माणूसच आठवतो, आणि बाईच्या हातात सुई दिसली की ते काम, एवढे साधे गणित असते. फार तर "तिले शिवनाचा नाद हाय" असे म्हणतात. नाद हा शब्द मला चालतो.

हे गव्हाच्या ओलितासाठी वावरात गेले आहेत, कारण या आठवड्यात वीज रात्रीची आहे. ते परत येईपर्यंत कच्चे टाके घालून होतील असे वाटते.

६ फेब्रुवारी

कच्च्या टाक्यांना तीन रात्री लागल्या. हे टाके मी मधोमध सुरू करते आणि कडेकडे जाते, म्हणजे थरांमध्ये अडकलेला झोळ बाहेर सरकतो; एकदा कडेपासून सुरुवात केली होती, तेव्हा सगळा झोळ मध्यभागी गोळा होऊन गोधडीला पोट सुटले होते. पक्का धावदोरा मात्र उलट, कडेवरून सुरू होऊन आत आत वळत जातो.

खरी अडचण शिवण्याची नाही, कापडाची आहे. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार तुकडे केले तर प्रत्येक तुकडा दोन मीटरहून थोडा अधिक भरतो, दोन तुकडे जोडून तळाचा थर होतो आणि उरलेल्या दोन तुकड्यांचा मधला. म्हणजे एका लुगड्यात अर्धीअधिक गोधडी निघते, पण ते लुगडे सुती हवे आणि वापरून वापरून मऊ झालेले हवे. नवे सुती कापड धुतल्यावर आटते आणि वरची ठिगळे चुरमडतात. जुने कापड जेवढे आटायचे तेवढे आधीच आटलेले असते. पण असे लुगडे आता मिळते कुठे? सासूबाईंनंतर आमच्या घरात कोणी नऊवारी नेसले नाही, आणि माझ्या स्वतःच्या साड्या काढून पाहिल्या तर त्यांत बहुतेक सिंथेटिक निघाल्या, ज्यांचे थर एकमेकांवरून घसरतात आणि ज्या अंगावर घेतल्या तर आपल्याकडच्या हवेत घाम टिपत नाहीत.

याचे मला आज फार नवल वाटले, आणि थोडा रागही आला. हिंगणघाट इथून दहा-बारा किलोमीटरवर आहे आणि कापसाची बाजारपेठ म्हणून त्याचे नाव जुने आहे. आमच्या वावरातला कापूस तिथल्या जिनिंगवर जातो, क्विंटलभर कापसातून सरकी वेगळी होऊन तेहेतीस-चौतीस किलो रुई निघते, तिच्या १७० किलोंच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या गाठी पुढे कुठल्या कुठे जातात. दरवर्षी माझ्या बोटांना पऱ्हाटीच्या बोंडांचे ओरखडे असतात, आणि गोधडीला दोन मीटर जुने सुती कापड मात्र मला शेजारणीकडे मागावे लागते. शेवटी सासऱ्यांचे एक धोतर सासूबाईंनी स्वतःहून काढून दिले. ते इतके झिरझिरीत झाले होते की उजेडासमोर धरले तर समोरचे तुळशीवृंदावन दिसत होते. सुईला मात्र असेच कापड आवडते. शाळेत असताना आमची सहल वर्ध्याच्या मगन संग्रहालयात गेली होती, जे १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडले गेले, आणि तिथले बाकी सारे विसरले तरी हातसुताचे कापड बोटांना कसे कुठे जाड, कुठे बारीक लागत होते, ते आजही आठवते. तशा मोकळ्या विणीतून सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते.

उरलेल्या चिंध्या मी झाडून एकत्र केल्या, तेव्हा सासूबाईंनी त्या उचलू दिल्या नाहीत. त्यांच्या वडिलांनी गाडगेबाबांचे कीर्तन ऐकले होते. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या या संताच्या अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र असे आणि लोक त्यांना गोधडे महाराज, चिंधेबुवा अशा नावांनी ओळखत. सासूबाईंच्या माहेरी त्यामुळे चिंधी पायाखाली येऊ देत नसत. एवढ्या एवढ्या चिंध्यांचे पुढे काय करायचे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

११ फेब्रुवारी

हरभरा सोंगायला आला आहे. आज सुईला हात लावला नाही.

१९ फेब्रुवारी

आज दुपारी मशीन उघडली. ही मशीन माझ्या वडिलांनी आंदणात दिली होती आणि बारा वर्षे मी तिच्यावर गावातल्या बायकांचे ब्लाऊज, परकर, लहान मुलांची झबली आणि शाळेचे गणवेश शिवले. त्या शिवणात पैसा होता, पण रोज कुणाचा तरी मुंढा दाटत असे, कुणाची बाही सैल होत असे, आणि मापे बरोबर घेतलेली असली तरी दोन महिन्यांत बाईचेच माप बदलले, हे तिच्या तोंडावर सांगायची सोय नव्हती. गोधडीला माप नाही, मुंढा नाही, गिऱ्हाईक नाही. मशीनवर मी फक्त वरच्या थराची ठिगळे जोडून घेते. पाच-सहा थर एकदम घातले तर माझी सोळा नंबरची सुई मोडते, आणि मोडली नाही तरी खाली दोऱ्याचा गुंता होतो.

या वेळी ठिगळे चौकोनी घेतली आहेत. दोन वर्षांपूर्वी हौसेने त्रिकोण कापले होते, आणि ती फजिती अजून पलंगाखाली घडी करून ठेवली आहे. कापड उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेने ताणले तर फारसे वाढत नाही, पण तिरपे, म्हणजे उरेब, ओढले तर रबरासारखे वाढते. आणि चौकोनाचा त्रिकोण केला की त्याची लांब बाजू नेमकी उरेब येते. ब्लाऊजच्या गळपट्टीसाठी उरेब पट्टी बारा वर्षे कापणाऱ्या बाईला हे कळायला हवे होते. मला ते गोधडी जमिनीवर सपाट बसेना तेव्हा कळले. तिच्या कडा पुरीसारख्या फुगल्या होत्या, आणि मुलाने तिला "आपला सातपुडा" असे नाव ठेवले होते.

जोडताना एक गणित सुचले म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे मांडले. गोधडी दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. दोन ओळींमध्ये बोटभर, म्हणजे दीड सेंटिमीटर, अंतर धरले तर सगळा मिळून दोनशे मीटर धावदोरा होतो. टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर. म्हणजे वीस हजार टाके. तासाला माझे साडेचार मीटर होतात, तेव्हा पंचेचाळीस तास. रोज रात्री एकच तास मिळाला आणि एकही खाडा झाला नाही, तर दीड महिना. खाडे तर होणारच आहेत. मुलाने तो हिशेब तपासला आणि बरोबर असल्याचे सांगितले, पण नंतर बराच वेळ तो माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत होता.

२८ फेब्रुवारी

नागपूरहून मुलीचा फोन आला. ती तिकडे नर्सिंग शिकते आणि तिच्या मैत्रिणीने कुठल्याशा दुकानात टांगलेली गोधडी पाहिली होती, जिची किंमत ऐकून दोघी थक्क झाल्या होत्या. "आई, तू विकत काहून नाही?" असे तिने तीनदा विचारले. मग यांनीही, टीव्हीचा आवाज कमी करून, तोच प्रश्न विचारला.

प्रश्न चुकीचा नाही. कर्जाचा हप्ता मलाही माहीत आहे. पण पंचेचाळीस तास म्हणजे निंदणाचे सात रोज झाले, आणि सात रोजांची मजुरी, वर कापड आणि दोरा, एवढे पैसे आमच्या आठवडी बाजारात कोणी गोधडीला देणार नाही. दुकानदार देईल तेव्हा तो रंग सांगेल, आकार सांगेल, दिवस सांगेल, आणि मग माझ्या ओसरीवर पुन्हा तोच मुंढा आणि तीच बाही येऊन बसेल. बारा वर्षे पैशासाठी शिवले, त्याची मला खंत नाही. मुलीच्या पहिल्या वर्षाच्या फीमधला मोठा भाग त्यातूनच भरला गेला. पण दिवसभरात मी जे जे करते ते कुणाच्या तरी पोटासाठी, अंगासाठी किंवा परीक्षेसाठी असते, आणि रात्रीचा हा एक तास तेवढा कशासाठीच नसतो. तो मी विकायला काढला तर मला रात्री करायला काय उरेल, हे फोनवर सांगणे जमले नाही. "पाहू," असे म्हणाले. मुलीला माझे "पाहू" चांगले ओळखता येते.

रात्री सहा ओळी झाल्या. दोरा हातभरच घ्यायचा आणि मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्यायचा, म्हणजे तो गुंतत नाही, ही मोठ्या जावेची शिकवण. हातभरापेक्षा लांब दोरा घेणारी बाई आळशी, असेही ती म्हणते. आज मी दीड हात घेतला.

१४ मार्च

दुपारी ऊन आतापासूनच चढू लागले आहे. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांना आता फारसे दिसत नाही, तरी जेवणानंतर त्या गोधडीपाशी सरकल्या आणि तिची कड हातात घेऊन बोटे फिरवू लागल्या, जशी तांदूळ निवडताना फिरतात तशी. मी समोरच्या बाजूने शिवत होते. कडेपासून आत, एकेक ओळ त्या चाचपत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या.

"ह्या जाग्यावर टाका लंबा काहून झाला वं?"

मी उठून पाहिले. दोन वीतभर अंतरात टाके खरोखरच दुप्पट लांब पडले होते, वेडेवाकडेही होते, आणि ते पाहताच मला ती रात्र आठवली, जिच्याबद्दल मी या वहीत काहीच लिहिलेले नाही. गेल्या महिन्यात चोवीस तारखेला रात्री गारा पडल्या होत्या. हे वावरात अडकले होते, फोन लागत नव्हता, टिनावर गारांचा असा आवाज होता की शेजारी बसलेल्या मुलाचे बोलणे ऐकू येत नव्हते, आणि वीज गेल्यावर मी मोबाइलच्या उजेडात, नुसते बसवत नव्हते म्हणून, शिवत राहिले होते. हे घरी आले ते साडेदहाला. गहू पूर्ण झोपला होता.

हे सगळे मी सासूबाईंना सांगितले. सांगता सांगता माझ्या मनात आले की हे टाके असेच ठेवावेत, पुढे कधी हात लागला तर ती रात्र आठवेल. तसे मी त्यांना म्हणालेही.

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवले. "उसव ते," त्या म्हणाल्या. "एवढ्या लंब्या टाक्यात पायाचा अंगठा अडकते. लेकरू झोपलं त दोरा तोडते."

यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. मी कात्री आणली, त्या दोन विता उसवल्या आणि तिथेच बसून, दुपारच्या उजेडात, बारीक टाके घालून पुन्हा शिवल्या. सासूबाई प्रत्येक बोटभर शिवण चाचपून पाहत होत्या आणि एकदाच, शेवटाकडे, हूं म्हणाल्या. अजून आतल्या बाजूच्या चौदा ओळी राहिल्या आहेत आणि दोरा तीन ओळींपुरताच आहे, तेव्हा सोमवारच्या बाजारातून नवे रीळ आणावे लागेल. उसवलेला दोरा मी केरात टाकणार होते, पण त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, बोटाभोवती गुंडाळला आणि आपल्या चंचीत, सुपारीच्या कप्प्यात, ठेवून दिला.