किशोर गटाचा संघ नवी मुंबईत नेताय? आधी वजनकाट्याची चौकशी करा

स्पष्टच लिहितो. घणसोली भागातल्या ज्या कबड्डी स्पर्धेला आम्ही शहापूरहून किशोर गटाचा, म्हणजे सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांचा, संघ घेऊन गेलो होतो, तिथे पुन्हा पाऊल ठेवणार नाही. हरल्याचा राग नाही हा. शनिवारचे साखळी सामने व्यवस्थित झाले, मुलं मजेत खेळली, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. जे काही झालं ते रविवारी सकाळी, बाद फेरीच्या आधी.

स्पर्धेच्या पत्रिकेत वजनमर्यादा ५५ किलो. शनिवारी सगळी मुलं वजनात बसली, यादीवर सही झाली. दुसऱ्या दिवशी फेरवजन होणार हे पत्रिकेत कुठेच नव्हतं. त्यामुळे मुलं सकाळी पोटभर पोहे खाऊन, पाणी पिऊन मैदानावर आली, तर माइकवरून पुकारा सुरू: "सर्व संघांनी वजनासाठी रांगेत यावे." काटा कसला, तर घरच्या बाथरूममध्ये असतो तसला काचेचा, आणि तोही ठेवलेला मॅटच्या उरलेल्या तुकड्यावर. आमचा डावा कोपरा सांभाळणारा पोरगा चढला. ५६.१. उतरून पुन्हा चढला, ५५.७. तिसऱ्यांदा ५६.४. मी काटा उचलून बाजूच्या फरशीवर ठेवला, तर ५४.८. मऊ मॅटमध्ये काट्याचे पाय रुततात, आकडा खरा येणार कुठून?

वजन घेणारे गृहस्थ म्हणाले, "सर, काट्याला हात लावायचा नाही. पहिला आकडा धरणार." फेरवजन हवं असेल तर पाचशे रुपये, तेही त्याच काट्यावर, त्याच मॅटवर. भरले. पावती मिळाली नाही आणि आकडाही मर्यादेत आला नाही. पोरगा मला विचारतो, "सर, चार चकरा मारून येऊ का? घाम गेला की बसेन." मे महिन्यातलं नवी मुंबईचं दमट ऊन, चौदा वर्षांचं पोर. मी त्याला बाहेर बसवलं. बाकीच्या काही संघांनी मुलांना पळवलं. एक मुलगा उन्हात जर्किन घालून मैदानाभोवती धावत होता, चूळ भरून पाणी थुंकत होता, घोटभरही पीत नव्हता. आयोजकांपैकी एकानेही त्याला थांबवलं नाही. हे आठवलं की अजून डोकं तापतं.

दुसरी गोष्ट मैदानाची. किशोर गटाला ११ बाय ८ मीटरचं मैदान लागतं. शनिवारी मातीवर आखणी बरोबर होती. रविवारची मॅट मात्र रात्रीच्या पुरुष गटासाठी आखलेली, १३ बाय १० ची, आणि त्याच रेषांवर आमच्या पोरांना उतरवलं. निदान रेषा, म्हणजे चढाई करणाऱ्याला परतण्याआधी ओलांडावी लागते ती, मध्यरेषेपासून ३ मीटरवर हवी, ती इथे ३.७५ वर. चढाईला गेलेल्या लहान पोराला ती ओलांडायलाच कसरत, आणि पकड करणाऱ्यांची साखळी एवढ्या रुंदीत तुटणारच. हरकत घेतली तर पंच म्हणाले, "दोन्ही संघांना सारखंच आहे ना?" वर उशीर झाला म्हणून १५-१५ मिनिटांचे डाव १०-१० वर आणले. नऊचा सामना पावणेएकला लागला होता.

आता जाणाऱ्यांसाठी. बूट, गुडघ्याच्या पट्ट्या, आधारच्या प्रती तुम्ही नेताच, ते सांगत नाही. फोनवर गोड बोलून सगळं 'होऊन जाईल' म्हणतात, तेव्हा तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर लेखी घ्या: वजन किती वेळा घेणार, किशोर गटाचं मैदान कोणत्या मापाचं, आणि फेरवजन किंवा हरकतीची फी किती. उत्तर आलं नाही तर नाव काढून घ्या. सोबत दहा किलो तांदळाची सीलबंद पिशवी न्या. रांग लागायच्या आधी ती काट्यावर ठेवा आणि आकड्याचा फोटो काढा, म्हणजे वाद घालायला हातात काहीतरी असतं. काटा फरशीवर ठेवल्याशिवाय एकाही मुलाला चढवू नका. आणि घरी ५३ च्या वर भरणाऱ्या मुलाला या गटात नेऊच नका. उपाशी ठेवून वजनात बसवायचा विचार करत असाल, तर संघ घरीच ठेवलेला बरा.

जेवण आयोजक देतात म्हणून विसंबू नका. आम्हाला अडीचला गार पुलाव मिळाला, तोवर सामना संपला होता. केळी, गूळ-शेंगदाणे आणि मीठ-साखरेचं पाणी हाताशी ठेवा.

जायला आसनगावहून ठाणे, तिथून नऊ-दहा नंबर फलाटावरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून घणसोली. मात्र रविवारी मेगाब्लॉक आधी बघा. ट्रान्स-हार्बरवर असला की सहसा ११.१० ते ४.१० गाड्या बंद असतात. त्या दिवशी तो होता आणि आम्ही दोनलाच बाद झालो. ठाण्याला जायला रिक्षावाले एका रिक्षाचे सहाशे मागत होते. देऊ नका. घणसोलीतून ठाण्याकडे नवी मुंबई महापालिकेच्या एनएमएमटी बस जातात. गर्दी असते, पण बारा मुलं आणि सामान घेऊन आम्ही बसनेच आलो.

पाचशे परत मागितलेत. "बघतो सर" एवढंच उत्तर आहे. शहापूर-मुरबाडकडच्या ज्या मंडळांना यंदाची पत्रिका आली असेल, त्यांनी पैसे भरण्याआधी मला विचारा, मॅटवरच्या काट्याचे आणि फरशीवरच्या काट्याचे दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत.