आत काय आहे?

भाचीचं इंग्रजी वाचन एका शब्दापाशी अडलं. "मावशी, फिस्ट म्हणजे काय गं?" अर्थ सांगत बसण्यापेक्षा मी हात मूठ करून तिच्या नाकासमोर धरला. तिने तो दोन्ही बाजूंनी निरखला आणि विचारलं, "आत काय आहे?"

आत काहीच नव्हतं. पण प्रश्न अस्सल मराठी होता. आपल्या मुठीत नेहमी काहीतरी असतंच. जीव मुठीत धरून आपण पळतो, सगळ्या घराला मुठीत ठेवणारं एक माणूस असतं, आणि झाकली मूठ तर सव्वा लाखाची. मांत्रिक मूठ मारतो तेव्हाही तीत मंतरलेलं काहीबाही असतं म्हणे. तलवारीची मूठ ही तर धरायचीच जागा. नुसतंच मारायचं असलं की मराठी मूठ बाजूला ठेवते आणि गुद्दा, बुक्की, ठोसा असे खास शब्द काढते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतो, मुठींचा नाही.

फिस्टचा स्वभाव वेगळा. शब्द जुना आहे. जर्मनमध्ये त्याचा सख्खा भाऊ 'फाउस्ट' आहे आणि पाच या आकड्याशी त्याचं नातं जोडणारेही आहेत. पाच बोटं वळल्यावर ते पटतंही. पण ही फिस्ट बहुधा रिकामी आणि रागावलेली असते. ती टेबलावर आपटते, हवेत उगारली जाते. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये 200 मीटर शर्यतीची पदकं घेताना अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी वंशभेदाचा निषेध म्हणून काळा हातमोजा घालून उंचावलेली ती हीच. आपल्या मूठभरसाठी मात्र इंग्रजीला सहसा 'हँडफुल' आठवतं. काही ठेवून घ्यायचं असलं की तिथे हात पुढे येतो.

अपवाद चिक्कूचा. तो 'टाइट-फिस्टेड'. त्याच्या मुठीत पैसे आहेत आणि ती उघडत नाही. आपण त्याच माणसाबद्दल म्हणतो की याचा हात आखडता. म्हणजे इथे दोन्ही भाषांनी अदलाबदल केली, आपण हात घेतला आणि त्यांनी मूठ!

'हँड ओव्हर फिस्ट' हा प्रयोग मला कित्येक वर्षं मारामारीतला वाटायचा. तो निघाला खलाशांचा. दोर ओढताना किंवा दोरावर चढताना एका हाताची पकड घट्ट, लगेच तिच्यावर दुसरा हात, पुन्हा त्याच्यावर पहिला. या झपाट्यावरून तो भराभर पैसा करण्याला चिकटला. 'हॅम-फिस्टेड' म्हणजे धसमुसळा, ज्याच्या हाताला वळण नाही असा. पॅसिफिस्टच्या शेपटीला फिस्ट दिसते खरी, पण तो बिचारा शांततावादी, त्याचा हिच्याशी काही संबंध नाही. आणि लिहिताना ह्रस्व-दीर्घाकडे लक्ष असू द्या. फिस्टची फीस्ट झाली की गुद्द्याऐवजी मेजवानी मिळते.

माझा सगळ्यात लाडका अर्थ तारयंत्रवाल्यांचा. मोर्सच्या, म्हणजे ठिपके-रेघांच्या लिपीच्या, बटणावर कट्ट-कडकट्ट करण्याची प्रत्येकाची ढब निराळी असते, कुणाची रेघ जरा लांबते, कुणाचा ठिपका घाईचा. त्या ढबीला ते लोक 'फिस्ट' म्हणत. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे संदेश चोरून ऐकणारे, मजकूर सांकेतिक असला तरी, नुसत्या फिस्टवरून पलीकडचा माणूस ओळखत. आपण अक्षरावरून पत्र कुणाचं ते ओळखतो, तसंच.

यातलं मी भाचीला काही सांगितलं नाही. तिला मूठ करून दाखव म्हटलं. तिने अंगठा आत घेऊन त्यावर चार बोटं मिटली, अगदी तान्ही बाळं करतात तशी. अशा मुठीने गुद्दा मारला तर अंगठाच मोडायचा. मी तो बाहेर काढला आणि बोटांवर आडवा ठेवून दिला. "ही फिस्ट," म्हटलं.

तिने हात खालीवर करून पाहिला. मग अंगठा गुपचूप पुन्हा आत नेला.

"आता आत अंगठा आहे," ती म्हणाली.