भांडण दोघांचं, ग्रुप साठ जणांचा

ढोल-ताशा पथकाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री अकराला मेसेज पडतो, ‘काही जणांना सरावाची वेळ कळत नाही.’ नाव कुणाचंच नाही. ज्याला मारलाय त्याला तो लागतोच, शिवाय आणखी चौघांना उगाच झोंबतो. हेच गिरगावातल्या चाळीच्या कट्ट्यावर बोललं गेलं असतं, तर समोरच्याचं तोंड उतरलेलं पाहून बोलणाऱ्याने आवाज खाली आणला असता. ग्रुपवर तोंड दिसत नाही, मेसेजखाली जमणारे अंगठे दिसतात. अंगठा देणाऱ्याला नुसतं ‘वाचलं’ म्हणायचं असतं. ज्याला बोल लागलाय तो मात्र मतं मोजत बसतो : बारा अंगठे, म्हणजे बारा जण माझ्या विरोधात. माझ्या मते मूळ मेसेजपेक्षा या अंगठ्यांनीच जास्त भांडणं पेटतात.

टिकांचंही तसंच. ग्रुपमध्ये सगळ्यांनी वाचल्याशिवाय टिक निळी होत नाही. कुणी वाचलं ते मेसेज दाबून धरून ‘इन्फो’त बघावं लागतं. सेटिंगमध्ये निळी टिक बंद केली तरी ग्रुपपुरती ती चालूच राहते, हे अनेकांच्या गावी नसतं. मग संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून मेसेज वाचणारा पोरगा ‘बघून गप्प बसला’ ठरतो. त्या गर्दीत टाइप करणार कसं?

चुकीचं लिहून गेलं तर पंधरा मिनिटांत एडिट करता येतं. शब्द सुधारायला तेवढं पुरतं. सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण अडीच दिवस मिळतात, पण मागे ‘मेसेज डिलीट केला’ ही पाटी उरते आणि वाचणारे मूळ मजकुरापेक्षा वाईटच काहीतरी मनात धरतात. त्यापेक्षा मेसेज राहू द्यावा आणि त्याच ग्रुपवर, त्याखालीच माफी मागावी. चारचौघांत बोललेलं खाजगीत मागे घेतलं तर त्या चारचौघांना ते कळत नाही.

स्क्रीनशॉट आला की आधी त्याच्या वरचे दहा मेसेज मागा. तो बहुतेकदा दुसऱ्याच्या उत्तरापासून सुरू होतो, चिथावणी कापलेली असते.

उत्तर लिहायचंच असेल तर फोनच्या नोट्समध्ये लिहा. चॅटच्या चौकटीत लिहिताना बोट चुकून सेंडवर पडतं, आणि समोरच्याला दहा मिनिटं ‘टायपिंग’ दिसत राहतं, त्यानेच त्याचा पारा चढतो. व्हॉइस नोट त्याहून वाईट. तीन मिनिटं एकट्याने बोलायचं, मध्ये कुणी ‘अरे, तसं नव्हतं’ म्हणू शकत नाही, वर ती फॉरवर्डही होते. सरळ फोन लावा.

रागाने ग्रुप सोडण्यातली मजा तर २०२२पासून गेलीच. आता कुणी गेल्याची खबर फक्त अ‍ॅडमिनला मिळते. बाकीच्यांना शोधायचंच असेल तर गेलेल्यांची यादी साठ दिवस दिसते.

धमकी किंवा बनावट फोटो आला तर मात्र ते भांडण राहत नाही. चॅट पुसू नका, नंबर आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

बाकी सगळ्यासाठी ग्रुपवर एक ओळ पुरते : ‘उद्या भेटून बोलू.’ भेट सरावाच्या अर्धा तास आधी ठेवा. ताशा सुरू झाला की कुणाला काही ऐकू येत नाही.