मोव्हरच्या बोअरमध्ये धूळ शिरली कुठून? इंजिन उघडल्यानंतरची नोंद

गंगापूर रोडवरच्या लग्नाच्या लॉन्सचा गवत कापायचा जो मोव्हर माझ्याकडे आलाय, त्याचं इंजिन अखेर पूर्ण उघडलं. १६३ सीसी, उभ्या शाफ्टचं, बोअर (पिस्टन ज्यात फिरतो ती सिलिंडरची पोकळी) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४५. निळा धूर आणि तेल पिणं ही तक्रार. या इंजिनांत दोरी ओढताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारं डीकॉम्प्रेशन असतं, त्यामुळे साधा कॉम्प्रेशन गेज फसवतो. म्हणून लीक-डाउन, म्हणजे दाबाची हवा सोडून गळती शोधायची चाचणी केली. प्लगच्या भोकातून हवा सोडली, तर तेल भरायच्या तोंडाशी सूं सूं आवाज. पिस्टनच्या रिंगा गेल्या हे तिथेच कळलं.

हेड काढल्यावर बोअरच्या वरच्या भागात होनिंगच्या (बोअर दगडाने घासून घेण्याच्या) तिरक्या रेषा पार पुसलेल्या दिसल्या. खाली मात्र त्या अजून शाबूत आहेत. वरची कॉम्प्रेशन रिंग चांगलीच झिजलीय, तेलाची रिंग त्या मानाने ठीक, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गुळगुळीत. माझ्या दृष्टीने हा पुरावा पुरेसा आहे. घाण तेलातून आली असती, तर तेलाची रिंग आणि बेअरिंग आधी खाल्लं असतं. वरून झीज म्हणजे माती हवेबरोबर आत गेली.

आता मापं. वरची रिंग बोअरच्या तळाशी, जिथे झीज नाही तिथे, पिस्टनने सरळ बसवली आणि टोकांमधली फट फिलर गेजने मोजली: ०.८० मिमी. नव्या रिंगेला ती ०.२ ते ०.४ असते. तीच रिंग वर, जिथे पिस्टन परत फिरतो त्याच्या जरा खाली बसवली, तर १.१० मिमी. फरक ०.३०. व्यास वाढला की फट त्याच्या ३.१४ पट वाढते, म्हणजे बोअर वरच्या अंगाला जेमतेम ०.१ मिमी मोठा झालाय. अंबडच्या लेथवाल्यांनी डायल बोअर गेज लावला, त्यांचंही माप तेच. मॅन्युअलच्या मर्यादेत बसतंय, तेव्हा ओव्हरसाइझ, म्हणजे मोठ्या मापाच्या पिस्टनची गरज नाही. होनिंग आणि स्टँडर्ड रिंगा पुरतील.

पण धूळ शिरली कशी, हे सापडल्याशिवाय नव्या रिंगा टाकण्यात काय अर्थ? हे इंजिन ३००० आरपीएमला मिनिटाला १५०० वेळा श्वास घेतं. दर वेळी सिलिंडर पूर्ण भरतो असं धरलं, तर तासाला जवळपास १४,७०० लिटर हवा. एप्रिल-मेमध्ये लॉन्सच्या कडेला पार्किंगचा मुरूम असतो आणि पातं तोच उडवतं. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत गारगोटी सापडते. तिची कठीणता मोह्‌स मापावर ७ च्या आसपास, बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बोअरपेक्षा कितीतरी जास्त. डोळ्यांना न दिसणारे ५ ते २० मायक्रॉनचे कण रिंग आणि बोअरमधल्या तेलाच्या पापुद्र्यात अडकले की कानस चालावी तसे घासत राहतात.

लॉन्सवरच्या माळीकाकांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, फिल्टरची काळजी मी घेतोच की. रोज पंक्चरवाल्याकडून हवा मारून आणतो." काकांची मेहनत खरी आहे, पण कागदी फिल्टरला तीच भोवते. जोराच्या हवेने घड्या फाटतात. मारायचीच तर आतून बाहेर, ३० पीएसआयच्या आत. मी अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या आत छोटा एलईडी धरला आणि दोन घड्यांच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले. त्याहून वाईट म्हणजे रबरी कड. फिल्टर बदली मिळालेला, मूळ मापाचा नाही. एका बाजूला कड बसतच नव्हती आणि नेमकी तिथूनच कार्ब्युरेटरच्या तोंडापर्यंत तांबूस धुळीची रेघ गेलेली. बोट फिरवलं तर खरखर लागली. कागद कितीही चांगला असो, हवा कडेने वाट काढणार असेल तर तो नसल्यातच जमा.

होनिंग झालंय. नंतर बोअर गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुतला, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत. हे काम पेट्रोलवर भागवू नका. होनिंगच्या दगडाची पूड पेट्रोलने निघत नाही आणि पहिल्या तासातच नव्या रिंगा खाते. धुतल्यावर लगेच तेलाचा हात फिरवला, नाहीतर बघता बघता गंज धरतो.

मूळ मापाचा फिल्टर बसवलाय. फोम साबणाच्या पाण्यात धुऊन, सुकवून, इंजिन ऑइलमध्ये बुडवून कडक पिळला. तेल ठिबकलं तर खालचा कागद गुदमरतो. फिल्टरच्या मागच्या नळीत आतून ग्रीसचा पातळ हात दिलाय. तासभर चालवून ते पांढऱ्या फडक्यावर पुसायचं. कण दिसले तर गळती अजून आहे.

मला शंका चोकच्या दांडीची आहे. ती तिच्या भोकात हलते, आणि ती जागा फिल्टरनंतर येत असल्याने तिथून शिरलेली हवा गाळली जात नाही. पितळी बुश घालता येईल का, ते लेथवाल्यांना विचारलंय. जमलं नाही तर कार्ब्युरेटर बदलेन, आणि तोवर मोव्हर लॉन्सवर परत पाठवणार नाही.